खाज नेमकी कधीपासून

३ फेब्रु. १९८४, शुक्रवार. दोहा.
सूनबाईंचं, नलिनीचं, डोहाळजेवण उरकलं. सुट्टीचा वार, त्यामुळे फरीज बिन ओमरानमधल्या आपल्या सगळ्या बायका लोटल्या. खुर्च्या चार. हिरवी साडी, कागदी फुलांचे दागिने. उत्सवमूर्तीनं श्रीखंडाला बोट लावलं नाही. सारखी हळदीनं पिवळे झालेले तळहात खाजवत होती. शेखरला म्हटलं, तुझी बायको चारचौघांत माकडासारखी खाजवते. तो हसला. ती नाही हसली.

५ फेब्रु., रविवार.
"आई, हातापायांना फार खाज सुटलीय हो. अंगात त्राणच नाही." गेल्या सोमवारपासून हेच रडगाणं. साय-हळद चोळून देते, हात, पाय, तोंड. आज सातवा दिवस. कोरडी हवा आणि खारं पाणी, दुसरं काय? ह्या मुलींना शिंक आली तरी डॉक्टर हवा. चौतीस वर्षं नर्सिंग केलं मी, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. सातव्या महिन्याचे नखरे मला नवे नाहीत.

८ फेब्रु., बुधवार.
घरमालकीण उम्म खालिद खजूर घेऊन वर आली. नलिनीला खिडकीकडे वळवलं, पापणी खाली ओढली. "सफार! सफार!" मग माझ्याकडे वळून, "आँख पीला. तुम नर्स?"
बघितलं. डोळे पिवळेधमक. कावीळ. हात-तोंड इतके दिवस पिवळं होतं आणि मी म्हणत होते हळद चढलीय. मीच चोळलेली.
वर ती बाई नलिनीच्या मनगटावर बोट टेकवून दाखवते, इथे सळी तापवून डाग द्यायचा, तिची आजी द्यायची. म्हटलं, हात तर लाव! असले डाग आपल्या खेड्यांतही देतात. ती पोरं पू धरल्यावर माझ्याच वॉर्डात यायची. तीही तडकली. "तो हॉस्पिटल! यल्ला, जल्दी!"
शेखरला फोन. संध्याकाळी दाखल.

९ फेब्रु., गुरुवार.
डॉक्टर दमास्कसचे, साठीचे, सभ्य. पहिलाच प्रश्न, खाज कधीपासून? शेखर माझ्याकडे बघत होता.
"चारेक दिवस," मी म्हणाले.
का म्हणाले? नलिनीचे डोळे मिटलेले होते. ऐकलं असेल का?

११ फेब्रु., शनिवार.
रिपोर्टमधले आकडे चढतेच. बाळाचे ठोके ठीक. डॉ. म्हणाले, दोन शक्यता. एक, गरोदरपणातलीच यकृताची तक्रार. त्यात खाज बरीच आधी सुरू होते, पिवळेपणा मागून येतो. दुसरी, जंतूंची कावीळ. "तुम्ही म्हणता त्यावरून दुसरीच वाटते. आणि ती असेल तर..." वाक्य सोडून दिलं. मला ते पुरं करता येतं. माझ्या वॉर्डात अशा दोघी गेल्या. आधी झोपाळू, मग बरळणं, मग
दर दोन तासांनी तिच्याकडून नाव लिहून घेते. अक्षर ढासळलं की समजायचं, कावीळ मेंदूकडे चढली. आज शेवटचा फराटा ओळीच्या खाली गेला. थकली असेल.

१२ फेब्रु., रविवार.
डॉ. कॉरिडॉरमध्ये भेटले. उम्म खालिदच्या सळीवर मी तोंड सोडलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, डाग कुठे द्यावा, कुठे देऊ नये, ह्याचीही आमच्याकडे जुनी पुस्तकं आहेत. पण त्याच काळातल्या एकानं आणखी एक सांगून ठेवलंय. वैद्यानं रोज काय पाहिलं, काय दिलं, ते लिहायचं. एक प्रत घरच्यांकडे. रोगी बरा होवो की मरो, तो कागद जाणत्या वैद्यांपुढे ठेवायचा. चुकला असेल तर घरच्यांनी त्याला जाब विचारायचा. हजार वर्षांपूर्वी!" मग हसून म्हणाले, "त्यांना तुमच्यासारखी मेट्रन हवी होती."

आत गेले तर नलिनी, डोळे मिटूनच, "आई, खाजेचं मी सांगू, की तुम्ही सांगताय?"
तीन दिवस वाट बघत होती माझी.

१३ फेब्रु., सोमवार.
कँटीनच्या टेबलावर दोन प्रती लिहिल्या. इंग्रजीत, शाळेतल्या नन्सनी छड्या मारून घोटवलेल्या अक्षरात. ३० जाने., तळहातांना खाज, सासूने हळद लावली. ३१, तेच. ३ फेब्रु., अन्न नको, सासूने चेष्टा केली. ८ फेब्रु., शेजारणीला डोळे दिसले. ९ फेब्रु., सासूने डॉक्टरांना खोटं सांगितलं.
डॉक्टरांनी दोनदा वाचलं. "म्हणजे पिवळेपणाच्या बऱ्याच आधी. कदाचित पहिलीच शक्यता. कदाचित, इन्शाल्ला. हळदीखाली पिवळेपणा कधी आला, ते आता कोण सांगणार?" मान वर न करता म्हणाले, "हे गुरुवारी हवं होतं." औषधं बदलली, पुन्हा रक्त घेतलं.
दुसरी प्रत शेखरला. बाकावर बसून वाचत होता. संपल्यावरही वाचत होता.
"दहा दिवस, आई?"
"दहा."
"आणि तुला विचारलं तेव्हा मी शेजारी उभा होतो."
"हो."
कागदाची घडी करून खिशात घातली, नलिनीच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं.
रिपोर्ट चारला येणार. आत्ता सव्वादोन. आतून बोलण्याचा आवाज येतोय, दोघांचाही. शब्द कळत नाहीत.