बिनपाण्याची फुलं

प्रिय विशाखा,

जयभीम. तर सगळ्यात आधी आला तो लक्ष्मणराव सरपंचांचा कुत्रा. तो आपल्या वस्तीत शिरला की समजायचं, मालक वीस पावलांवर आहेत. मी अंगणात ज्वारी निवडत बसले होते. कुत्र्यामागं सरपंच, सरपंचांमागं वही काखेत धरून ग्रामसेवक, आणि सगळ्यात मागं टँकरचा साहेब, तोंडाला रुमाल बांधून. गाडी वेशीजवळ ठेवून पायी आलेला, आपल्या बोळात गाडी कुठं शिरती. मला वाटलं, वस्तीला पाणी पुरतं का ते विचारायला आले. मी खुशीत उठले, घोंगडी अंथरली. पण कोण बसतंय. सरपंचांनी उभ्यानंच आपल्या भिंतीकडं हात केला आणि म्हणले, हे बघा साहेब, पुरावा.

पुरावा म्हणजे आपलं कागदफूल. तुझ्या शाळेतल्या बाई त्याला बोगनवेल म्हणायच्या ते. यंदा ते कसं भरलंय ते तू बघायला पाहिजे होतंस. पान म्हणून दिसत नाही, नुसता राणी रंग, भिंतीवरून पार पलीकडच्या भामाबाईच्या पत्र्यावर पसरलाय. एसटीतून उतरलेली माणसं विचारतात, तिकडं कुणाचं लगीन हाय का. पाऊस सलग तीन सालं पडला नाही, शाळेपुढचा शेवगा वाळून सरपणाला गेला, बोरीला पान नाही, आणि या सगळ्यात धुरपताबाईच्या दारात मांडव. मग लोकांच्या मनात येणारच. टँकर येतो, घरटी चार घागरी मिळतात. सरपंचांचं म्हणणं, मी पाचवी आणि सहावी घेते आणि झाडाला ओतते. टँकरवाला तुझ्या ओट्यावर बसून चहा पितो, तो काय उगीच पितो का, असं त्यांनी साहेबासमोर विचारलं. मी म्हणले, चहा पितो कारण गावात दुसरं कुणी त्याला विचारत न्हाई. आणि जास्तीची घागर मिळाली असती तर साहेब, मी आधी आंघोळ केली असती, आठ दिवस झाले. साहेब जरा मागं सरकला.

कबुलीजबाब त्यांनी घरूनच लिहून आणला होता. ग्रामसेवकानं शाईची डबी उघडून माझ्यापुढं धरली, म्हणला, आजी, टेकव अंगठा. मी म्हणले, बाबा, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात दोन वर्षं बसले मी, आता सही करते, आणि वाचल्याशिवाय करत न्हाई. मी वाचायला किती वेळ लावते तुला माहीतच आहे. जोडाक्षर आलं की मी थांबते, त्याला सगळीकडून बघून घेते, मग पुढं जाते. तिघंही तेवढा वेळ उन्हात उभे. कुत्रं तेवढं शहाणं, ते कागदफुलाच्या सावलीत जाऊन बसलं. कागदात लिहिलं होतं की मी, धुरपताबाई, पिण्याचं पाणी फुलझाडाला घातलं, माझी चूक झाली, झाड उपटून टाकते. मी कागद घडी करून ग्रामसेवकाच्या हातात दिला आणि म्हणले, यात माझं नाव तेवढं खरं हाय. तेव्हा साहेब म्हणला, सही होईपर्यंत या घराचं पाणी बंद.

आता हे झाड कसं आलं ते तुला पुरतं ठाऊक नसेल, तू तेव्हा शाळेत होतीस. लातूर जिल्हा झाला, त्या साली तुझ्या बापाला तिथल्या नव्या कचेरीत शिपायाचं काम लागलं. त्याआधी जिल्ह्याचं काम म्हणजे उस्मानाबाद, जायला एक दिवस आणि यायला एक. तुझ्या बापाची, माझ्या निवृत्तीची, कचेरी बघायची म्हणून मी मुद्दाम लातूरला गेले. कचेरी बघितली, पंखा बघितला, खाली उतरले तर एका बंगल्याचा माळी कुंपणाच्या फांद्या छाटून रस्त्यावर फेकत होता. करंगळीएवढ्या जाड दोन फांद्या उचलल्या, ओल्या चिंधीत गुंडाळल्या, एसटीत मांडीवर घेऊन आणल्या. म्हणून म्हणते, जिल्ह्याचं आणि झाडाचं वय एकच, पाच वर्षं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मूळ सडतं, म्हणून खड्ड्यात निम्मा मुरूम घातला आणि फांदी तिरकी लावली, दोन डोळे मातीच्या आत. एक जळाली, एक धरली.

दोन वर्षं मी वेड्यासारखी तिला भांड्याचं पाणी घालत होते. पानंच पानं. एक फूल नाही. भामाबाई म्हणायची, काढ तो काटा, पदर फाटतो. तिसऱ्या वर्षी दुष्काळ लागला, भांडी राखेनं घासून पुसायला लागलो, झाडाला थेंब मिळेना. म्हणलं, गेलं. पानं गळाली, आणि उन्हाळ्यात बघते तर फांदीफांदीला फुलं. मला हसू आलं, कारण तेव्हा आठवलं की हे तर मला ठाऊक होतं. सतरा वर्षं मी लक्ष्मणरावांच्याच मोसंबीच्या बागेत खुरपलं. मोसंबीला ते दरवर्षी ताण द्यायचे. दीड महिना पाणी तोडायचं, झाडाची पानं गळू द्यायची, मग बहर फुटतो. पोरीबाळी आम्ही हळहळायचो, तर बांधावर उभे राहून सांगायचे, पाण्यात ठेवलं तर पाला माजतो, फूल तहानेला येतं. त्यांनीच शिकवलेलं. आणि तेच आज माझ्या अंगणात उभे राहून फुलाला पुरावा म्हणत होते. त्यांना ठाऊक नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

मी साहेबाला हे सगळं सांगितलं. साहेब शहरातला, त्याला वाटलं म्हातारी गोष्ट रचती. पाण्याशिवाय कुठं फुलं येतात का, म्हणला. मग मी म्हणले, साहेब, या झाडाची लेक गावात हाय, तिला बघून घ्या. झालं काय होतं, पहिली फुलं आली त्या साली सरपंचांच्या बायको, सरस्वतीबाई, आपल्या भिंतीपलीकडं येऊन उभ्या राहिल्या. धुरपताबाई, एक काडी दे की. पदर पसरला, मी वरून टाकली. वरून का, ते तुला कळतं. ती काडी त्यांनी न्हाणीमागं लावली. मी झाडाची लेक म्हणले तसं सरपंचांचं तोंड उतरलं. म्हणले, उन्हाचं कशाला साहेब, चला जेवायला. तर भामाबाई मागून म्हणली, चला की, जेवायला बी तिकडंच जायचं हाय न्हवं.

मग निघालो. पुढं साहेब, मागं आम्ही वस्तीतल्या सगळ्या बाया. इतक्या बाया मी बाबासाहेबांच्या जयंतीलाच एका ठिकाणी बघितल्या असतील. सरपंचांच्या दारापाशी आम्ही बाहेर थांबलो, पण न्हाणी रस्त्यावरून दिसते. विशाखा, ते झाड काय माजलंय म्हणून सांगू. दोन वर्षांत म्हशीएवढं. काळंभोर पान, तेल लावल्यासारखं चकचकीत, आणि शोधून एक फूल नाही. साहेबानं बुटाच्या टोकानं माती उकरली तर चिखल. तेवढ्यात सरस्वतीबाई बाहेर आल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, कोण कशाला आलंय. साहेबानं विचारलं, याला पाणी कोण घालतं. तर त्या म्हणल्या, मीच की, रोज दोन घागरी घालते, तरी मेलं फुलत न्हाई. ती धुरपताबाई काय घालती तिलाच इचारलं पाहिजे.

कुणी हसलं नाही. हसलो असतो तर सगळं गेलं असतं. मी पदर तोंडात धरला. भामाबाईनं माझ्या दंडाला इतका चिमटा काढला की अजून निळं आहे. साहेबानं बुटाला लागलेला चिखल दगडावर घासला. ग्रामसेवक वहीत काहीतरी शोधायला लागला. सरपंच म्हणले, बायामाणसांना काय समजतं साहेब, घागर म्हणजे तांब्या. सरस्वतीबाई म्हणल्या, तांब्या कशाला, घागर. मला त्या बाईचा कधी इतका लोभ आला नव्हता.

पण साहेबसुद्धा नोकरीतलाच माणूस. त्यानं कागद फाडला नाही. पिशवीत ठेवला आणि म्हणला, मी शेतकी खात्यातला माणूस घेऊन परत येतो, तो सांगेल झाडाचं, तोवर पाण्याचं आहे तसंच राहू दे. आहे तसंच म्हणजे माझं बंद आणि त्यांच्या न्हाणीमागं चिखल. तू काळजी करू नको. टँकर आला की प्रत्येक घरची बाई येता येता एकेक तांब्या माझ्या रांजणात ओतते. काल इतके तांबे जमले की माझ्या चार घागरींच्या पाच झाल्या, मी एक आजारी पिराजीच्या घरी पाठवली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली तेव्हापासून मला इतकी मजा आली नव्हती. लोक म्हणतात म्हातारी चळली. चळू दे.

आणि झाड? झाडाला मी थेंब दिला नाही, देणारही नाही. सरपंचांच्या माणसानं परवा येऊन सांगितलं, झाड तोडलंस तर कागदाचं मिटवतो. मी त्याला म्हणले, तोडलं तर पुरावा जाईल, तुमचा न्हाई, माझा. बहर ओसरला की मी स्वतः छाटीन, दरवर्षी छाटते तशी, हातभर फांदी ठेवून. तोवर कुणी कोयता लावायचा नाही.

आता खरं लिहिते. परवा संध्याकाळी तुझा बाप लातूरहून आला. त्याला कुणीतरी निरोप पोचवला होता. जेवला, हात पुसला, आणि झाडाकडं न बघता म्हणला, आई, कर सही. पाच वर्षं झाली तरी तो कायम झालेला नाही, यंदा कायम करायच्या लोकांची यादी वर जाणार आहे, आणि सरपंचांची वर ओळख आहे. माझी नोकरी गेली तर विशाखाचं कॉलेज, एवढंच म्हणला. मी त्याच्यावर रागावले नाही. तो भित्रा नाही, त्याच्या पाठीवर तू आहेस. आजीला समजव असं तो तुला लिहिणार आहे, म्हणून मी त्याच्या आधी लिहायला बसले, दोन दिवस लागले. त्या कागदावर मी सही केली तर पोटापुरतं पाणी मिळेल, पण तो कागद कचेरीत राहील. उद्या वस्तीनं जास्तीची घागर मागितली की तो काढून दाखवतील, या लोकांना पाणी फुलांना घालायला पाहिजे असतं. मी मेल्यावरही दाखवतील. म्हणून मी सही करणार नाही. पण तिथं विष्णुपुरीला आपल्या घरातली पहिली मुलगी इंजिनेरी शिकते आहे, आणि यात पणाला तुझं शिक्षण लागलंय, माझं काही नाही. तुला न विचारता मी ते लावलं तर माझ्यात आणि सरपंचांत काय फरक. तेव्हा एका ओळीचं उत्तर लिही. पोस्टानं नको, नांदेडहून सकाळी अहमदपूरला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ दे, भामाबाईचा लेक स्टँडवर घेईल. सही करू नको एवढं लिहिलंस तरी पुरे. आणि कर असं म्हणायचं असेल तर लिहू नको, इथं ये, झाडासमोर उभी राहा आणि तोंडानं म्हण, मी ऐकीन. पाहुणे, म्हणजे साहेब आणि त्याचा शेतकी खात्यातला माणूस, सोमवारी येतो म्हणालेत, दुपारच्या आत.

तुझीच आजी,
धुरपताबाई