मेहुण्याच्या जबाबातलं प्रश्नचिन्ह

३ मार्च
संकल्प: इंग्रजी प्रश्नचिन्हाच्या इतिहासावर रोज एक पान. हॉस्पिटलच्या ऑफिसात वीस वर्षं भाषांतरं केलीत, माझ्याइतका अधिकार कोणाचा! म्हणतात, लॅटिन 'क्वेस्टिओ', म्हणजे प्रश्न, त्यातला क्यू वर, ओ खाली. झिजत झिजत हुक आणि टिंब. काही पंडितांना हे पटत नाही. त्यांचं त्यांच्यापाशी. पान उद्यापासून.

५ मार्च
काल हॉस्पिटलची लिफ्ट कोसळली. एक नर्स गेली. लिफ्टमन माझा मेहुणा. चौकशीचे जबाब इंग्रजीत मीच करणार. ही म्हणाली, तो आपला आहे, नीट लिहा. सांगितलं, व्याकरणाला नातीगोती नसतात.

६ मार्च
मेहुण्याचा जबाब. साहेब म्हणाले, धोक्याचा दिवा लागला होता, तरी चालवलीस. तो डोळे विस्फारून म्हणाला, दिवा लागलेला असताना मी लिफ्ट चालवली? मग नुसता रडला. रडण्याला इंग्रजी नसतं. वाक्य सरळ उतरवलं, शेवटी पूर्णविराम. इंग्रजीत क्रियापद कर्त्याआधी आलं तरच प्रश्नचिन्ह, हा माझा नियम. सूर कागदावर उमटत नाही. त्याने न वाचताच सही केली. म्हणाला, भाऊजींनी लिहिलंय, वाचायचं काय त्यात.

९ मार्च
कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी कोणी बसत नाही. विद्वत्तेचा दरारा. घरी ही बोलत नाही. लिहायला शांतता मिळते. पानं: शून्य.

११ मार्च, सकाळी
मेहुणा निलंबित. कागद पोलिसांकडे गेले. कारण: कबुली. कसली कबुली म्हणून क्लार्कला विचारलं. त्याने माझंच वाक्य दाखवलं. दोनदा वाचलं. घाबरण्यासारखं काही नाही, एका चिन्हाचा प्रश्न. दुरुस्तीचा अर्ज आजच.

१३ मार्च
अर्ज सुरू. आधी पार्श्वभूमी हवी. जुन्या हस्तलिखितांत टिंबावर चढती रेघ काढत, वाचणाऱ्याने आवाज चढवावा म्हणून. म्हणजे सूर कागदावर उमटत होता. हे मला माहीत होतंच.

१६ मार्च
अर्ज पूर्ण. चौदा पानं, भक्कम. 'माझी चूक झाली' हे चौदाव्या पानावर, योग्य जागी. साहेबांनी पहिलं पान वाचलं, खूश झाले, म्हणाले वार्षिक अंकात छापू. आभार मानले. पुढचं सांगायचं राहिलं.

१७ मार्च
सकाळी पोलीस मेहुण्याला घेऊन गेले. ही बॅग भरत होती. भावाच्या घरी चालली, त्याची मुलं एकटी आहेत म्हणाली. दारात थांबून एवढंच विचारलं, तो प्रश्न विचारतोय हे तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं का. मी सांगू लागलो, इंग्रजीत त्याचं असं आहे की... ती जिना उतरून गेली.
कळलं होतं.