बकरीची बदली

शनिवार, १५ फेब्रुवारी

प्रिय बाळ,

सकाळी पाणी भरलं, कपडे वाळत घातले, जेवून थोडा पडलो. चार वाजता तळमजल्यावरच्या खोलीत जाऊन इमारतीतल्या मुलांसाठी तुझ्या आईची पुस्तकांची पेटी उघडली, सहाला बंद केली. आता वर येऊन लिहायला बसलोय. मागच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "बाबा, घर बंद करून कायमचे कधी येताय? तुमची खोली रंगवून ठेवलीय." मी म्हटलं, कळवतो. तेच कळवायचं आहे, पण आधी पेटीचं ऐक, मला राहवत नाही.

आई गेल्यापासून गेल्या महिन्यापर्यंत पेटी बंदच होती. तुला माहीत आहे, मी जन्मभर नळांच्या लायनींचे नकाशे काढले, गोष्टीच्या पुस्तकाला हात लावला नाही. ती स्वयंपाकघरात मुलांची पुस्तकं वाचत एकटीच हसायची. मी बाहेरून विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, "काही नाही, बकरीची बदली झाली." मला वाटायचं, मला उडवून लावतेय. तुम्हाला नाही कळायचं, आधी वाचा, असंही म्हणायची. मी पुन्हा पेपरात डोकं घालायचो.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काकूंची पेटी पुन्हा उघडा, मुलं विचारतात हो. नऊ ते बारा वर्षांची आहेत, जुनी पुस्तकं पाठ झालीत. थोडी नवी आणा ना." मी काम हातात घेतलं की नीट करतो. कागदावर रकाने आखले. एक गोष्ट समुद्रावरची, एक डोंगरातली, एक मोठ्या शहरातली. एकीत मुलगी हवी, एकीत ऐकू न येणारा मुलगा, एकीत घर सोडून तंबूत राहणारी माणसं. दुकानात दोन दिवस बसून निवडली. कुठलाही रकाना रिकामा नव्हता. फार समाधान वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईंची मुलगी अकरा वर्षांची आहे. सगळी इमारत तिला फौजदार म्हणते. गेल्या शनिवारी ती चार पुस्तकं छातीशी धरून आली आणि माझ्यासमोर टेबलावर आपटली. म्हणाली, "आजोबा, तुमच्या पुस्तकांत सगळे मरतात." मी म्हटलं, काहीतरीच काय. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "दीपगृहवाल्यात आजोबा. डोंगरवाल्यात कुत्रा. तंबूवाल्यात आई. आणि या चौथ्यात कुणी नाही म्हणून मी खूश होते, तर शेवटी झाड मेलं." मागचा एक जण म्हणाला, "माझ्यात तर सुरुवातीलाच मरतात, निदान वाट तरी बघावी लागत नाही." सगळी पोरं खिदळली.

मी घरी येऊन उरलेली चाळली. खरंच की गं. एकसुद्धा सुटलं नव्हतं. जागा वेगळ्या, माणसं वेगळी, आणि माझा हात मात्र नेमका त्यावरच जात होता. मला पत्ताही नव्हता. ती पुस्तकं वाईट नाहीत, दोन तर फार चांगली आहेत, ती पेटीत राहतील. पण सगळी पेटीच तशी, हे काही बरोबर नाही.

मग फौजदारणीनेच मला शिकवलं. "दुकानात उभं राहून वाचायचं. हसू आलं तर आणायचं. पुढचं पान उलटल्याशिवाय राहवलं नाही तर आणायचं. नुसतं चांगलं वाटलं तर ठेवून द्यायचं." शिवाय हुकूम सोडला, तिची मैत्रीण बोलताना अडखळते, तसं कुणीतरी हवं. "पण गोष्ट अडखळण्याची नको. तिने चोर पकडायला हवेत." हे मला माझ्या रकान्यांत सुचलं नव्हतं.

मंगळवारी गेलो. चोर पकडणारी मुलगी मिळाली, अडखळतच पकडते, झकास आहे. दोन चित्रकथा घेतल्या. मग एक पातळसं पुस्तक उघडलं. एका सरकारी कचेरीत बकरी शिरते. हजेरीपटावर चुकून नाव लागलेलं, म्हणून तिला कुणी हाकलत नाही. उलट बढती मिळते. आणि पान उलटलं तर, बकरीची बदली झाली. बाळ, मी दुकानात उभाच राहिलो. आई उडवून लावत नव्हती. खरंच सांगत होती. पुढे निरोपाच्या कार्यक्रमात साहेब भाषण करतात, आणि बकरी बदलीचा हुकूमच खाऊन टाकते. कागद नाही तर बदली नाही. मी इतका मोठ्याने हसलो की दुकानदार पाण्याचा पेला घेऊन धावत आला. त्याला वाटलं, ठसका लागला.

आज ते पुस्तक पेटीत ठेवलं, तर फौजदारीण म्हणते, "हे होतंच की आपल्याकडे. पाठ सुटली म्हणून आजींनी चिकटवायला नेलं होतं." आल्याबरोबर आईच्या शिवणाच्या खणात पाहिलं. दोऱ्यांच्या रिळांखाली होतं. अर्धी पाठ तिने चिकटवलेली, अर्धी तशीच.

फोनवर तू विचारतेस, बाबा, बरे आहात ना, आणि मी बरा म्हणतो, आणि तुला ते खोटं वाटतं हे मला ऐकू येतं. मी हसलो, हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मग मीही. म्हणून लिहिलं. खोली रंगवलीस, त्याबद्दल जावईबापूंनाही सांग, मला फार बरं वाटलं. मी येईन, नातीला बकरी वाचून दाखवीन, पण रविवारी येऊन शुक्रवारी परत. शनिवारी पेटी असते. बदलीचा हुकूम मी खाल्ला असं समज. आता उठतो. बशीत डिंक काढलाय. उरलेली पाठ चिकटवून पुस्तकावर आईची जड इस्त्री ठेवतो, आणि डिंक वाळायच्या आत बशी धुऊन टाकतो.

तुझाच,
बाबा