मंजुषाचा मणका आणि माझं इन्स्पेक्शन

२ फेब्रुवारी, सोमवार
बायकोचा एमआरआय रिपोर्ट आला. कंबरेतून पायात कळ जाते म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी काढायला लावला होता. गुरुवारी मणक्याच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. तोवर रिपोर्ट मी स्वतः समजून घेणार. सातपूरच्या कारखान्यात सगळी नोकरी क्वालिटीत गेली. मायक्रॉनमधला फरक पकडणाऱ्याला दोन पानांचं इंग्रजी काय जड आहे? मंजुषा म्हणाली, वाचा, पण आधी जेवून घ्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार
निम्मा रिपोर्ट क्लिअर. कमरेचे मणके पाच, एल-वन ते एल-फाइव्ह. मधे गाद्या, त्यांना डिस्क म्हणतात. पार्ट नंबर कळले की अर्धं काम झालं.

डिस्क डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी आटलंय. उपाय उघड आहे. मंजुषाला दर तासाला तांब्याभर पाणी सुरू केलं.

स्ट्रेटनिंग ऑफ लॉर्डोसिस म्हणजे कमरेचा बाक जाऊन ती सरळ झालीय. हे दोषांमध्ये का लिहिलंय कळेना. सरळ असणं कधीपासून डिफेक्ट झालं?

डिस्क प्रोट्रूजन म्हणजे गादी बाहेर आलीय, चार मिलिमीटर. आमच्याकडे चार मिलिमीटरला जॉब थेट भंगारात जातो. पण शरीर हे कास्टिंग आहे, मशिनिंग नव्हे. ओतीव कामाला एवढा टॉलरन्स चालतो. मंजुषाला सांगितलं, तू पास आहेस. ती म्हणाली, पाणी पिऊन सारखं उठावं लागतंय आणि उठताना जीव जातोय.

शेवटी लिहिलंय, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंटशी ताडून बघा. बिलाखाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असतं, तसलंच. सोडून दिलं.

४ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळ
मोठी चूक पकडली. रिपोर्ट म्हणतो, डावी एल-फाइव्ह नस दाबली गेलीय. फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवून बघितली. आडव्या छेदात गादी स्पष्ट उजवीकडे आलीय. टॉप व्ह्यू मी झोपेत वाचतो. वर फिल्मच्या डाव्या कडेला बारीक 'आर', म्हणजे राइट, छापलाय. म्हणजे एक पीस नाही, अख्खा लॉट चुकलाय.

मंजुषा म्हणाली, अहो, दुखतो तर डावाच पाय. तिला समजावलं, आवाज गिअरबॉक्समधून येतो, बिघाड मोटरमध्ये असतो. ती डावा पाय चोळत आत गेली. पटलं असावं.

ड्रॉइंग चुकीचं असेल तर काम सुरू करायचं नाही, हा पहिला नियम. फोन करून उद्याची अपॉइंटमेंट पुढे ढकलली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
एमआरआय सेंटरवर गेलो. कंपनीच्या फॉरमॅटमध्ये रीतसर रिजेक्शन नोट दिली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, पेशंट कुठंय? म्हटलं, पेशंट घरी, प्रॉब्लेम कागदात. डॉक्टर सोमवारी भेटतील म्हणाल्या.

उजव्या पायाला रोज तेल लावून शेक देतोय. मंजुषा म्हणते, उजवा आता अगदी छान वाटतो. गुण येतोय.

८ फेब्रुवारी, रविवार
मंजुषाच्या डाव्या पायातली चप्पल चालताना निसटते. चप्पल सैल झाली. मेन रोडवरून पट्ट्याची सँडल आणली. आता निसटत नाही, पण फटफट आवाज येतो. सोल हलका आहे, बदलून आणणार. कळ कमी झालीय, पाय बधिर वाटतो म्हणते. कळ कमी म्हणजे सुधारणाच. हा पाण्याचा परिणाम.

दुपारी तिचा भाऊ शेखर पिंपळगावहून द्राक्षांची पेटी घेऊन आला. ती चहा घेऊन येत होती, तिच्या पायांकडे बघत बसला. म्हणाला, दाजी, ताई पाय वढती हाय, तुम्हाला दिसत नाय का? मी फिल्म आणून काचेला लावली. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, कागद ऱ्हाऊ द्या, उद्या सकाळीच गाडी घेऊन येतो. म्हटलं, उद्या मला सेंटरला जायचंय. म्हणाला, मग तुम्ही तिकडं जा, मी ताईला डॉक्टरकडं नेतो. शिकलेला आहे, पण धीर नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
मीही गेलो. केस कोणीतरी नीट मांडायला हवी होती.

मणक्याच्या डॉक्टरांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि मंजुषाला टाचांवर चालायला सांगितलं. उजव्या टाचेवर उभी राहिली. डावा पंजा जमिनीवरून उठलाच नाही. अंगठा वर करा म्हणाले. ती अंगठ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

मी उजव्या बाजूचा मुद्दा काढला. डॉक्टर म्हणाले, ही चित्रं पायांकडून बघायची असतात. पेशंट उताणा झोपलेला, आपण त्याच्या तळव्यांशी उभे. त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. 'आर' त्यासाठीच छापलेला असतो.

पाय कधीपासून असा पडतोय, त्यांनी विचारलं. मी चप्पल म्हणणार होतो. मंजुषा म्हणाली, शुक्रवारपासून. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी आला असतात तर बरं झालं असतं. ऑपरेशन उद्याच.

बाहेर बाकावर बसलो. फार भीती वाटली. शेखरने पाण्याची बाटली हातात दिली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
ऑपरेशन नीट झालं, नस मोकळी केली. पायात ताकद यायला काही महिने लागतील, पूर्ण येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. किती टक्के, विचारलं. बघू, म्हणाले. 'बघू'ला टॉलरन्स नसतो, काय लिहून ठेवणार?

सकाळी मंजुषाने हाक मारली. अहो, अंगठा हलला म्हणाली. चादर बाजूला करून बघितलं. मला काही दिसलं नाही. पुन्हा हलवला, म्हणाली. डोळे ताणून बघितलं, तरी नाही.

सवयीने खिशातल्या स्टीलच्या मोजपट्टीकडे हात गेला. तो मागे घेतला. म्हटलं, पाय तुझा आहे, तू म्हणतेस म्हणजे हलला.