प्रज्ञा कोण?

प्रतिक्षा,

मी पहिल्या एस्टीने पेणला तुझ्या सरांच्या घरी जातोय. आज शिफ्टला जाणार नाय.

परवा वाण्याकडे सरांचा फोन आलेला. "प्रज्ञाशोधसाठी मुलीला उद्या शाळेत पाठवा," म्हणाले. मला वाटलं, प्रज्ञा नावाची पोर शोधून पाठवायची. दुकानात चार माणसं होती, परत विचारायची लाज वाटली. व्हय व्हय म्हणून फोन ठेवला. अख्खं अष्टमी गाव फिरून शिंप्याची प्रज्ञा शोधली नि पाठवली. ती तर तुझ्यापेक्षा लहान, सहावीत! काल तीच सांगत आली, "काका, ती हुशार पोरांची परीक्षा हाय. सर प्रतिक्षाची वाट बघत होते." मग रात्री जेवताना तू विचारलंस, सरांचा काय निरोप आला का? मी नाय म्हणालो.

प्रज्ञा म्हणाली, सर आज दुपारी परीक्षेचे सगळे फॉर्म घेऊन अलिबागला जाणार हायत. त्याआधी मी त्यांना गाठतो. तू फोटो घेऊन दहाच्या गाडीने पेण स्टँडवर ये, फॉर्म तिथंच भरू.

वडिलांच्या शिक्षणापुढे तू दरवेळी दहावी लिहितेस, ते मीच तुला सांगितलेलं. ह्या फॉर्मवर चौथी लिही.

बाबा