कष्टाचं चीज

प्रिय चिमे,

परवापासून तुझे फोनवर फोन येताहेत आणि मी एकही उचललेला नाही. तुझ्या भाऊजींना सांगितलं, ती झोपलीय म्हणा. पहिल्या खेपेला ते म्हणाले तसं; दुसऱ्या खेपेला मात्र फोन वाजत ठेवून स्वतःच चपला घालून बाहेर निघून गेले. तेव्हा त्यांच्यावर रागावू नकोस. फोनवर तू मध्येच 'असू दे गं ताई' म्हणतेस आणि माझं अर्धं बोलणं घशातच राहतं. जे सांगायचं आहे ते तोंड वर करून सांगता येण्यासारखं नाही. कागद बरा, तो मध्ये बोलत नाही.

आमचा महिन्याचा बाजार तू पाहिला आहेस. शाळेच्या सभागृहात टेबलं मांडून बसतो तो. बूटवाला कातड्याशिवायचे बूट घेऊन येतो, साबणबाई चरबीशिवायचे साबण, आणि दाराशी पहिलं टेबल माझं, काजूच्या चीजचं. बूटवाल्याचा जुना विनोद तुला ठाऊकच आहे. मी टेबल मांडलं की तो लांबूनच ओरडायचा, आलं बघा ताईंच्या कष्टाचं चीज. मी दर वेळी हसायचे. गावात व्हीगन हा शब्दही कुणाला धड उच्चारता येत नव्हता तेव्हापासून मी त्या टेबलाशी आहे, त्यामुळे सगळे मला मानतात. मानायचे म्हणू का मानतात म्हणू, तेही आता मला कळत नाही.

'आधी आपल्या माणसाचं' हा नियमही माझाच. सुरुवातीच्या एका बाजारात साबणबाईंचा एकही साबण खपला नाही आणि खोकी परत भरताना त्या रडल्या. मी तिथंच सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, बाहेरचं जग आपल्याला वेड्यात काढतंच, निदान आपण तरी एकमेकांना धरून राहू. इथून पुढं प्रत्येकानं घरी जाताना दुसऱ्याच्या टेबलावरचं काहीतरी घ्यायचंच. सगळ्यांना पटलं. तेव्हापासून आमच्या बाजारातून कुणी रडत घरी गेलं नाही, याचा मला फार अभिमान होता.

गेल्या महिन्यात बूटवाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी सूपचा डबा घेऊन त्याच्या घरी गेले. तो आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडला होता, त्याची बायको कामावर गेलेली. दार उघडलं त्याच्या आईनं. ती नुकतीच त्यांच्याकडे राहायला आली आहे, आमची गाठ पडलेली नव्हती. म्हातारी ठणठणीत, बोलायला मोकळी. म्हणाली, सूप फ्रिजमध्ये ठेवा, जागा नसेल तर खालचे डबे काढून ओट्यावर ठेवा. मी खाली वाकले तर खालच्या कप्प्यात माझेच डबे. एकावर एक, भिंतीला विटा रचाव्यात तसे. माझ्या हातच्या चिठ्ठ्या लावलेले, एकाचंही झाकण उघडलेलं नाही.

मला वाटलं, बूटवाला दवाखान्यात होता म्हणून खायचं राहून गेलं असेल. मी विचारलं, हे कुणी खात नाही वाटतं? ती चहाचं पातेलं विसळत होती. मागं वळून न बघताच म्हणाली, "छे, ते खायचं नसतं. एका बाईंचं आहे ते, बिचारीचं. नाही घेतलं तर तिला वाईट वाटेल म्हणून हा दर बाजाराला घेऊन येतो."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, तुम्ही कधी चाखलंत का?

"एकदाच," ती म्हणाली. "दूध सोड म्हणून हा माझ्या मागं लागला होता. म्हटलं, पोराचं मन राखावं, आणि मी तयारही झाले होते हो. मग असाच एक डबा उघडून हे तोंडात घातलं. म्हटलं, दुधाशिवाय जगायचं म्हणजे हे गिळायचं असेल, तर मला माझा चहा बरा."

आतून बूटवाल्यानं विचारलं, आई, कोण आलंय गं? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, त्यांच्या ओळखीतली आहे, पुन्हा येईन. आणि चिमे, मी चोरासारखी जिना उतरले. सूपचा डबाही तिथंच ओट्यावर राहिला.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते तुला सांगते. डेअरीच्या तपासणी खोलीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली, तुला माहीत आहे. यंत्र सांगायच्या आधी मी सांगायचे कुठला कॅन नासायला लागलाय ते. साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून म्हणायचे, हे आमचं नाक. मागच्या खिडकीतून आईपासून तोडलेल्या वासरांचं हंबरणं ऐकून ऐकून एक दिवस मी ती नोकरी सोडली, पण नाक बरोबर घेऊन आले. चीज मी त्याच नाकावर करत होते. काजू वाटले, विरजण घातलं, फडक्यात बांधून ठेवलं, की पुढचं सगळं वासावर. कधी थांबायचं ते पुस्तकात नसतं. आणि गेल्या वर्षी मला तो मोठा ताप आला ना, त्यात माझं नाक गेलं. गेलं म्हणजे पार गेलं. गोड, खारट, आंबट जिभेला कळतं, त्यापलीकडे काही नाही. दुधी भोपळा खाल्ला काय आणि ओला पुठ्ठा खाल्ला काय. आज येईल, उद्या येईल म्हणत मी गप्प राहिले. आधी वासानं करायचे ते घड्याळ आणि कॅलेंडर बघून करायला लागले, आणि वर बाजारात नव्या मुलींना सांगत राहिले की हातापेक्षा नाक महत्त्वाचं.

त्या दिवशी घरी आले, एक डबा उघडला आणि तुझ्या भाऊजींसमोर ठेवला. ते रोज सकाळी पोळीवर हेच लावून खातात. विचारलं, खरं सांगा, कडू आहे का? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"थोडं आहे," ते म्हणाले.

कधीपासून, विचारलं. तुझ्या त्या तापानंतर, म्हणाले. मग मला रागच आला. म्हटलं, वर्षभर कडू खाताय आणि तोंडातून शब्द नाही? तर म्हणाले, "तू चाखून देत होतीस. मला वाटलं, माझीच जीभ म्हातारी झाली." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच होती ती.

पुढच्या बाजाराला जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण मग वाटलं, गेले नाही तर हे सगळे घरी येऊन डबे घेऊन जातील. म्हणून गेले. टेबल मांडलं, एक डबा उघडून त्याचे तुकडे ताटलीत ठेवले आणि येईल त्याला म्हटलं, आधी इथं उभं राहून एक तुकडा खा, मग डबा घ्या. चिमे, माणसाचा चेहरा इतक्या जवळून बघू नये. पत्रकं वाटणाऱ्या मुलीनं तुकडा न चावता गिळला आणि डोळ्यांत पाणी असताना 'मस्त' म्हणाली. पुस्तकवाल्या जोडप्यातल्या नवऱ्यानं तो रुमालात टाकला. मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं. आणि तरी सगळे डबे उचलत होते. कसाबसा घास गिळून माझ्याकडे बघून हसत होते. वर्षभर हे असंच चाललं होतं आणि मी त्या हसण्याला दाद समजत होते.

शेवटी साबणबाई आल्या. त्यांनी खाल्लं, चावलं आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बोला.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस कडू आहे."

मग कुणी सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "तुम्ही आमच्यातल्या पहिल्या. तुम्ही टेबल गुंडाळलंत तर उद्या आम्ही कुणाकडे बघून उभं राहायचं?"

आजूबाजूची सगळी आमच्याकडे बघत होती. तेव्हा मी सांगून टाकलं, मला वास येत नाही. इतकंच वाक्य, पण ते बोलताना शाळेतल्या पोरीसारखे माझे कान तापले. मग साबणबाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणि माझा साबण?"

मी त्यांना खोटं सांगू शकले असते. माझ्या न्हाणीघरातल्या फळीवर त्यांच्या साबणांची चळत लागली आहे. पहिल्याच वडीनं अंगाला खाज सुटली होती, तेव्हापासून मी घेते आणि ठेवून देते. बूटवाल्याचे बूटही पलंगाखाली खोक्यात आहेत, टाच चावतात म्हणून. कडू चीजचा दोष नाक गेलं म्हणून माझ्यावर नाही असं मनाशी म्हणत आले होते मी, पण हे सगळं तर माझं नाक शाबूत असतानाचं. मी म्हटलं, खाज येते. त्यांनी मान हलवली, आपल्या टेबलाशी गेल्या, चादर घडी केली, खोकी भरली आणि बाजार अर्धा व्हायच्या आत निघून गेल्या. त्यांना रडत घरी जाऊ द्यायचं नाही म्हणून मी तो नियम केला होता. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. मला तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी चीज केलेलं नाही. उरलेले डबे खड्डा खणून बागेत पुरले. बूटवाल्याकडे मात्र गेले, लंगडत का होईना तोच दार उघडायला आला. आईनं वर्णन केल्यावर त्याला कळलं होतं कोण येऊन गेलं ते. तो माफी मागायला लागला आणि मी त्याची, आणि म्हातारी आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाली, आता पुरे, बसा. तिला मी सांगितलं की ती बिचारी बाई मीच. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, मग नीट करून आणा, मी चाखते. साबणबाई काल आल्या. लाय, म्हणजे साबणातला कॉस्टिक सोडा, जास्त पडत होती, म्हणाल्या, नवी वडी करून आणली होती. बसल्या, पण पूर्वीसारख्या मोकळ्या बसल्या नाहीत. वेळ लागेल. आणि बरं, ही सगळी आपली माणसं एकमेकांची कपाटं भरत असताना बाहेरचं एक माणूस, ही म्हातारी, ज्याच्यामुळे एखादं वासरू आईजवळ राहिलं असतं, ते माझं चीज तोंडात घालून परत दुधाकडे गेलं. अशी अजून किती गेली असतील, कोण जाणे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात तू कुरिअरनं तुझा तो लोणी-अंड्याशिवायचा केक पाठवलास. बरोबर चिठ्ठी होती, 'ताई, तुझ्या नाकाला पसंत पडला तरच मी दुकान घेते.' मी एक फोड खाल्ली. मला गोड कळलं, मऊ कळलं, बाकी काही नाही. तुझं अक्षर बघितलं, माझं मन भरून आलं आणि मी तुला कळवलं, पसंत आहे, डोळे मिटून दुकान घे. तू राजीनामा लिहून ठेवलास. सोमवारी दुकानाच्या करारावर सही करणार आहेस आणि उद्घाटनाला मी किती दिवस आधी येणार हे विचारायला फोन करते आहेस. चिमे, माझ्या शब्दावर सही करू नकोस. उरलेला केक फ्रीजरमध्ये होता. काल तो साबणबाईंना दिला, संध्याकाळी बूटवाल्याच्या आईला दिला, दोघींना कुणाचा आहे ते सांगितलं नाही. दोघींनी वेगवेगळं तेच सांगितलं: तेलाचा वास येतो आणि मधे ओला राहिलाय. संत्र्याची साल घातलीस ती मात्र आवडली; म्हातारीनं तेवढा वरचा भाग खाल्ला आणि बाकीचा बशीत ठेवला. तुला हे वाचून काय वाटेल ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी त्या फ्रिजसमोर वाकून उभी होते. माझ्यावर जितकं रागवायचं तितकं रागव, पण सोमवारी सही करू नकोस, राजीनामा देऊ नकोस, आणि ओव्हनमध्ये बसतील तेवढी भांडी घेऊन इकडे ये. हे पत्र कुरिअरवाल्याकडे न्यायला तुझे भाऊजी चपला घालून उभे आहेत. आता फोन आला की मी उचलेन.

तुझीच,
ताई