कोठीचं मागचं दार

आत्या,

तू मुकुंदवाडीत माझ्यापासून दोन गल्ल्या पुढं राहतेस, तरी तोंडानं सांगायची हिंमत नाय, म्हणून लिहितोय. हे तुझ्या हातात देईन असं मात्र वाटत नाय.

काल छावणीतल्या संग्रहालयात गाईड म्हणून माझा पहिलाच दिवस होता. आजोबा ज्या गोऱ्या साहेबाकडं माळी होते, त्याचीच ही कोठी. पुण्याचे पाहुणे लई मन लावून ऐकत होते. त्यांना मागच्या दाराशी नेलं आणि आवाज चढवून सांगितलं, "नोकरांना समोरच्या पायऱ्या चढायची मनाई होती. त्यांच्या लेकराबाळांनापण इथूनच यावं लागायचं."

आणि त्याच दारात तू उभी होतीस. हातात माझ्यासाठी धपाट्यांचा डबा, चपला बाहेर काढलेल्या. लहानपणी आजोबा तुला ज्या वाटेनं आणायचे, त्याच वाटेनं आलीस. समोरून यायचं तुझ्या मनातसुद्धा आलं नसेल.

एका बाईंनी विचारलं, "या कोण?"

मी म्हणालो, "साफसफाईच्या मावशी आहेत."

तू एकदाच माझ्याकडं बघितलंस. मग डबा खिडकीत ठेवलास, कोपऱ्यातला झाडू उचललास आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून, शहाऐंशी वर्षांची कंबर वाकवून, ओसरी झाडायला लागलीस.

मी पाहुण्यांना म्हणालो, "चला, पुढचं दालन बघू."

काल ज्यानं नातं सांगितलं नाय, तो तुझा भाचा,
शिवराज